आबांची थुंकी आणि आबांचं आरोग्य

५ जानेवारी
आजपासून या घरात एकही आजार आम्हाला बेसावध गाठणार नाही. आजोबा बावन्नाव्या वर्षी बांधावर बसले ते उठलेच नाहीत. कशाने गेले, कुणी विचारलं नाही. आबांना नुकतंच एकावन्न पूर्ण झालं. घरातली पहिली पदवीधर मी, तीही बायोटेकची. मी नाही विचारणार तर कोण?
कंपनीतून जेनेटिक किट आणलं. नळीत थुंकायचं, लॅबला पाठवायचं. मग ॲप सांगणार, आबांनी काय खावं, कशाला जपावं.
आबांनी एवढंच विचारलं, हे कोर्टात चालतं का. मी म्हटलं, एकदम पक्का पुरावा. ते गंभीर झाले. विज्ञानाबद्दल आदर त्यांच्यात मुळातच आहे.

८ जानेवारी
आबा म्हणाले, पोरीसमोर थुकायला कसंतरी वाटतंय. नळी घेऊन गच्चीवर गेले आणि भरून आणली. तीस वर्षं तंबाखू खाऊनही थुंकी पाण्यासारखी स्वच्छ. तंबाखूबद्दल उगाच फार बोललं जातं की काय? वाचायला हवं.
गच्चीवरच्या खोलीतला भाडेकरू ओम मागोमाग खाली आला. पाणी मागितलं. तोंड पार कोरडं पडलंय म्हणाला. हिंजवडीत एवढी नोकरी, खोलीत पाण्याची बाटली भरून ठेवता येत नाही.

१९ जानेवारी
आबांच्या मनगटावर स्मार्ट बँड बांधला. त्यांचा स्ट्रेस रोज संध्याकाळी नेमका मी घरी आले की चढतो. दिवसभर माझी वाट बघत असणार. उद्यापासून लवकर यायचं.

२० जानेवारी
लवकर आले. स्ट्रेसही लवकर चढला. बापाचं प्रेम.

२ फेब्रुवारी
संशय. आबांनी लोखंडी कपाटाला नवं कुलूप लावलंय. चावी करदोट्याला. आत नक्की फरसाण. मी कपाटाजवळ गेले की माझा थोरला भाऊ, अमोलदादा, दारात येऊन उभा राहतो. म्हणजे तोही खातो.
आज दोघं पौडला गेले. म्हणे तहसीलला काम. भेळ खायला गेले असणार. आल्यावर आबांचा शर्ट हुंगला. वास नव्हता. तयारीने गेले होते.

१४ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. रक्तदाबाचा धोका कमी, मीठ चालेल. दूध मात्र पचत नाही. दूध बंद, लोणचं-पापड सुरू. आबा म्हणाले, जन्मापासनं पितोय, कदी पोट दुखलं न्हाई. मी समजावलं, पोटाला सगळं कळत नसतं.
लांब पल्ल्याच्या धावण्यासाठी शरीर उत्तम, असंही लिहिलंय. आबा जिन्यात दोनदा थांबतात. मोटिव्हेशन कमी पडतंय.
अमोलदादाने विचारलं, ह्याच्यावर सही कुनाची लागती? मी म्हटलं, कुणाचीच नाही, थुंकी पुरते. तो खुर्चीवर बसला. तंत्रज्ञानाने माणूस थक्क होतो.

२७ फेब्रुवारी
आई म्हणते, सकाळचं यांचं डोकं लई जड असतंय, जरा बीपी बघून घे की. मी ॲप दाखवलं. धोका कमी. आई म्हणाली, त्याला नगं बघू, ह्यांना बघ. आईला पटायला वेळ लागेल. दूध सुटल्यावर शरीर साफ होत असतं, डोकं जड होणारच.

६ मार्च, संध्याकाळ
आबा गोठ्यात चक्कर येऊन पडले. अमोलदादाने गाडीत घातलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला. वरचा दोनशे दहा. मी रिपोर्ट पुढे केला. धोका कमी आहे, दूधही पचत नाही. डॉक्टर म्हणाले, पेशंटच्या मिशीला साय लागलीय.
आबा भिंतीकडे बघत म्हणाले, थुकी माजी न्हाईच. ओमची हाय.
मग सगळंच बाहेर आलं. अमोलदादाने त्यांना सांगितलं होतं की थुंकीवरनं कोर्टात वारस सिद्ध होतो आणि मी जमिनीत हिस्सा मागणार. कपाटात सातबारे होते. पौडला ते बघायला गेले होते की जमीन अजून आपल्याच नावावर आहे ना. आबा म्हणाले, शिकलेली पोरगी, भांडायची न्हाई, सरळ केस टाकंल. दोन महिने डोळ्याला डोळा न्हाई लागला माझा.
दोन महिने मी सगळ्यांवर नजर ठेवून होते. ते माझ्यावर.
आबांनी विचारलं, गौतमे, पायजे का तुला हिस्सा? अमोलदादा पंख्याकडे बघत होता. मी म्हटलं, नको. मला तुम्हाला त्रेपन्नचं झालेलं बघायचंय.
आबांनी डोळे मिटले.  डॉक्टरांनी पट्टा परत फुगवला.
एकशे नव्वद.
गोळी अजून दिली नव्हती.