दमटपणाचे साहेब

तीर्थस्वरूप वन्संना,

घाम पुसून केलेला नमस्कार. तुमचे गुडघे बरे असतील, मुलं अभ्यास करत असतील (निदान तसं दाखवत असतील). आम्ही सगळे अजून जिवंत आहोत.

मागे तुम्ही फोनवर सहज म्हणालात, की अशा दमट उकाड्यात कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो, त्यावर डिह्युमिडिफायर म्हणून एक यंत्र मिळतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. झालं! तुमच्या बंधुराजांनी दुसऱ्याच दिवशी ते घरी आणलं. निवृत्त झाल्यापासून बिचाऱ्यांच्या हाताखाली कुणी उरलं नव्हतं. आता यंत्र आहे, आणि यंत्राच्या हाताखाली आम्ही. ते चालू असताना खिडक्या बंद ठेवायच्या, असं माहितीपत्रकात लिहिलंय, आणि ते दिवसभर चालू असतं. वर गरम हवा सोडतं (ते पान ह्यांनी वाचलंच नव्हतं). म्हणजे खोली तापते, आम्हाला घाम फुटतो, तो हवेत जातो, हवेतून यंत्रात जातो, आणि संध्याकाळी हे भरलेली टाकी सगळ्यांना दाखवत फिरतात, "बघा, केवढी ओल होती घरात!" घाम आमचा, वन्सं, आणि कौतुक यंत्राचं.

भिंतीवर दमटपणा मोजायचा काटा टांगलाय. तो जरा हलला की चौकशी बसते. भातावर झाकण का नव्हतं, ओल्या केसांनी बाहेरच्या खोलीत कोण आलं, टॉवेल कुणाचा! परवा मला संतापानं रडू कोसळलं. वाटलं, आता तरी खिडकी उघडतील. तर ह्यांनी काट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "रडायचं तर बाथरूममध्ये रड, तिथला पंखा हवा बाहेर टाकतो." असा राग आला म्हणून सांगू!

पण खरं दुखणं आईंचं आहे. आत जीव गुदमरतो म्हणून त्या खुर्ची घेऊन जिन्यात बसतात. जाणारे-येणारे त्यांची विचारपूस करतात आणि माझ्याकडे डोळे वटारून बघतात. सुनेनं म्हातारीला घराबाहेर काढलं, अशी इमारतभर बोलवा झालीय. आई एका शब्दानं ती खोडून काढत नाहीत, कारण लोक त्यांना थंडगार सरबत आणून देतात. तुम्हीच सांगा, मी कुठे तोंड दाखवू?

बाकी सगळं ठीक. मुलांना माझा आशीर्वाद.

तुमची,
वाळत चाललेली भावजय

ता. क. : तुमच्या यजमानांना कागदाच्या गोदामावर देखरेखीला विश्वासू माणूस हवाय असं कळलं. ह्यांना न्या. डबा मी रोज पाठवीन. मला फक्त दिवसाउजेडी माझ्या घराच्या खिडक्या उघडायच्या आहेत.

आणखी एक : मी सुचवलंय हे कळलं तर हटून बसतील. तेव्हा गोदामात भयंकर ओल आलीय आणि तिथल्या कुणालाच त्यातलं काही कळत नाही, एवढंच त्यांच्या कानावर घाला. पगाराचं ते विचारणारसुद्धा नाहीत.