अधांतरी दार

प्रिय दारवेड्या,

समोरच्या इमारतीला रंग लागतोय. परांची तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या हिरव्या दारापर्यंत पोचली. खाली ना जिना, ना सज्जा, भिंतीत नुसतंच अधांतरी दार! त्याच्यापायी आपण हे अंधारं घर घेतलं, दलालाने वेड्यात काढलं तरी. आत कोण राहतं यावर वाद घालताना रोज चहा गार व्हायचा. तुझा घड्याळजी, माझी कबुतरं पाळणारी म्हातारी.

काल रंगाऱ्याने ते दार ओढून उघडलं. मी खिडकीतूनच ओरडून विचारलं, "दादा, आत काय आहे?"

"काही नाही हो ताई, विटा आहेत. जिना पाडला तेव्हा बुजवलेलं दिसतंय."

मला हसू आलं. मग मी भाजी चिरायला बसले.

घटस्फोट झाला तरी दर रविवारी तुझा फोन येतो, "दार उघडलं का?" एवढंच विचारायला. "नाही" म्हटलं की मग निवांत इकडचं तिकडचं बोलत बसतोस. आजही आला होता. मी म्हणाले, "नाही रे, अजून नाही."

तेव्हा हे पत्र काही टपालात पडत नाही. रंगारी दारालाही भिंतीचाच रंग फासणार होता. त्याला चहा पाजून हिरवाच द्यायला लावलाय.

अजून त्याच खिडकीतली,
मी