हबशी हरले तर

५ ऑक्टोबर १९३५
झाली सुरू लढाई! इटलीची विमानं अबिसीनियावर, हबशांच्या मुलखावर, बाँब टाकून गेली. शेजारचे रंगनाथमास्तर ओट्यावर पेपर वाचत होते, सासूबाई दाराआडून ऐकत होत्या. त्यांना एवढंच कळलं — आपला अकबर आहे तिथे आग पडतेय. भाकऱ्या तशाच राहिल्या.

यांना जाऊन चार वर्षं झाली. आदिस अबाबात एका काठेवाडी शेटकडे सुतारकाम. 'दोन वर्षांत येतो' म्हणाले होते.

१२ ऑक्टोबर
मास्तर म्हणतात, घाबरू नकोस खुर्शीदा, पन्नास देशांचा राष्ट्रसंघ आहे, लहान देशाला कुणी मारलं तर सगळे मिळून त्याचा हात धरतील. कधी धरतील, विचारलं. चष्मा पुसत बसले.

१८ नोव्हेंबर
आजपासून इटलीशी व्यापार बंद. तेल सोडून! म्हणजे विमानं उडायला मोकळी.

अख्खं नाशिक हबशांच्या बाजूचं. मंडईतली भाजीवालीसुद्धा! माझ्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या कुसाबाई म्हणाल्या, आपल्याला जमलं नाही ते हबशी करतायत, गोऱ्याला अडवलंय. अनवाणी फौजेचं काय ते कौतुक! माझा माणूस तिथे आहे, हे कुणाच्या ध्यानातही नसतं.

३० नोव्हेंबर
पत्र नाही.

१६ डिसेंबर
इंग्लंड-फ्रान्सच्या मंत्र्यांनी परस्पर ठरवलं म्हणे — अबिसीनियाचा मोठा तुकडा इटलीला द्यायचा, भांडण मिटवायचं. ज्याचं घर त्याला विचारलंच नाही! मास्तर लालबुंद. दरोडेखोराशी तडजोड, तीही दुसऱ्याच्या दागिन्यांवर, म्हणाले. मीही मान डोलावली.

खोटारडी मेली! मनातून मला बरं वाटलं. मिटवा एकदाचं. तुकडा द्या, नाहीतर सगळा देऊन टाका. शेट गाशा गुंडाळेल, हे घरी येतील. रोजा सोडताना सासूबाईंनी हबशांच्या विजयाची दुआ मागितली. मी हात पसरले आणि उलटं मागितलं. हबशी हरू देत. लवकर हरू देत.

कुणाला सांगणार हे? म्हणून इथे लिहिलं.

२७ डिसेंबर
ईद. शीरखुर्मा केला. दोघीच खाणाऱ्या, उरला.

२ एप्रिल १९३६
आता विषारी वायू सोडतायत. कातडी सोलून निघते म्हणे. मास्तरांनी पुढचं वाचलं नाही, पेपर दुमडून ठेवला. मी हे मागितलं नव्हतं. पण कसे हरावेत, तेही कुठे सांगितलं होतं मी?

६ मे
हबशांचा बादशहा देश सोडून गेला. मागे लोकांनीच आदिस अबाबा लुटलं, जाळलं. काल इटालियन आत शिरले. मास्तर उपरणं तोंडाला लावून रडले. मी तांब्याभर पाणी नेऊन दिलं. मलाही रडू आलं, पण हबशांसाठी नाही. हे कुठे असतील?

१४ मे
तार! सुखरूप आहेत, इंग्रजांच्या वकिलातीत आसरा मिळाला, येतायत. सासूबाईंनी गल्लीत साखर वाटली.

मास्तर म्हणाले, "बघ, इंग्रजाने एका हाताने देश बुडू दिला, दुसऱ्याने तुझा नवरा वाचवला. आता कुठल्या हाताला नमस्कार करायचा?"

"आज मला कुठलाही चालेल, मास्तर."

२१ जून
आले. टांग्यातून उतरले ते कडेवर पोर घेऊन. तीनेक वर्षांची असेल. कुरळे केस, मोठाले डोळे. मला बघून यांच्या मानेत तोंड खुपसलं. सासूबाईंनी विचारलं, कुणाची ही?

"माझी," म्हणाले.

आई तिकडेच राहिली. तिचा भाऊ डोंगरात अजून लढतोय, ती मुलूख सोडायला तयार नाही. पोर तेवढी यांच्याबरोबर धाडली.

मी पाय धुवायला पाणी दिलं. भांडू तरी कुणाशी? मीच मागून घेतलं हे.

८ जुलै
राष्ट्रसंघाने इटलीवरची बंदी उठवायचं ठरवलं. संपलं! मास्तरांनी दोन ओळींत वाचून टाकलं.

पोरीला घेऊन मंडईत गेले. हबशांसाठी हळहळणारी तीच भाजीवाली म्हणाली, हिला जरा लांब उभी करा, गिऱ्हाईक बिचकतंय. भाजी न घेता परत आले. हे अंगणात रंधा मारत होते. पोरीची आई तिकडे एकटीच आहे का, विचारलं. हो म्हणाले. त्यापुढे आमचं बोलणं जात नाही. हे नव्हते तेव्हा निदान वाट तरी बघत होते मी.

११ जुलै
दुपारी पोर झोपेत 'माये' म्हणाली. आमच्या निफाडकडे आईला अशीच हाक मारतात. धावत जाऊन तिला छातीशी धरलं, 'काय गं माझे बाई' म्हटलं. हे बघत होते.

"तुला नाही," हळूच म्हणाले. "इमाये म्हणतेय. तिकडे आईला तसं म्हणतात."

१२ जुलै
आज नमाजनंतर हबशी जिंकावेत म्हणून दुआ मागितली. जिंकले तर पोरीबरोबर हेही जातील. ठाऊक आहे मला.