पाण्याखालचा पत्ता

आदरणीय करमदाद भाईजान यांना धाकट्या तसद्दुकचा सलाम.

तुमचे गुडघे आता कसे आहेत? भाभींचा खोकला थांबला का? मीरपूरला थंडी पडली असेल, तर मी पाठवलेला कोट वापरा, पेटीत ठेवून पाहुण्यांना दाखवू नका. इकडे सर्व खुशाल आहे. (खुशाल नाही, पण पत्राच्या सुरुवातीला तसंच लिहावं, असं अब्बांनीच शिकवलंय.)

तुम्हाला वाटतं, मी विलायतेत टॅक्सी चालवतो. भाईजान, मी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, घरी सून म्हणून नांदतो. पाटी गाडीच्या मागे कुठे लावायची, बिल्ला गळ्यात कसा दिसला पाहिजे, उन्हाळ्यात आखूड चड्डी घालायची नाही, गादीवर डाग नको, सगळं सासूबाई ठरवणार. परवाना द्यायचा तो फक्त ‘लायक आणि सालस’ माणसाला. घरात माझी शमशाद मला म्हणते, “बायकोला विचारलं असतं तर तुमचा निकाल कधीच लागला असता.” त्यात माझ्यावर तक्रार झाली आणि बिल्ला जायची वेळ आली. या वयात दुसरं काय करू मी? मला रस्त्यांशिवाय काही येत नाही.

झालं असं. धुक्याचा दिवस होता. वृद्धाश्रमातून मिसेस ओल्ड्रॉइड नावाच्या म्हातारबाईंना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं. गाडीत बसल्या, पट्टा लावला आणि म्हणाल्या, “नेदरकोट, चॅपल गल्ली.” कौन्सिलच्या रस्त्यांच्या परीक्षेत मी गावातली गल्लीन् गल्ली पाठ केली होती, पण ही त्यात नव्हती. (कौन्सिलला ठाऊक नसलेली गल्ली म्हटल्यावर मला जरा आनंदच झाला, खोटं कशाला बोलू.) त्या मागून सांगत गेल्या, “बाळा, डावीकडे घे. आता मेंढ्यांच्या मागे मागे जा.” गाडी माळावर चढली. धुकं इतकं, की मेंढ्यांची नुसती तोंडंच हवेत तरंगत होती. मग उतार लागला, दोन्हीकडे दगडी गडगे, आणि रस्ता सरळ पाण्यात गेला. समोर धरण.

“इथंच,” त्या म्हणाल्या. “दारापर्यंत नको नेऊस, तुझे पाय ओले होतील.”

मी मीटर बंद केलं. काय करणार? दुसऱ्या कुणा ड्रायव्हरने गाडी वळवली असती. पण भाईजान, मंगला धरणाचं पाणी आपल्या अंगणात शिरलं तेव्हा मी अम्मीच्या कडेवर होतो, आणि तुम्ही कोंबड्या पकडत होतात. ती बाई पाण्याकडे बोट दाखवून म्हणाली, तिथे शाळा. मी म्हटलं, आमच्याकडे तिथे विहीर होती. ती म्हणाली, तो बेकरीवाला वजनात मारायचा. मी म्हटलं, आमचा तेली पण. एका बदकाने फेरी मारली, तर ती म्हणाली, ते आता चर्चच्या घंटेवर बसलंय. मला खरंच घंटा ऐकू आल्यासारखी वाटली. थर्मासमधला चहा दोघांनी प्यायला, शमशादने दिलेली मक्याची रोटी खाल्ली, आणि दोन्ही गावं एकाच पाण्यात हळूहळू मिसळून गेली. तिथे फोनही लागत नव्हता, आणि खरं सांगू, मी लावूनही पाहिला नाही. परत आलो तेव्हा दवाखाना बंद झाला होता आणि तिची भाची पोलिसांशी बोलत होती.

कौन्सिलच्या समितीपुढे मला उभं केलं. अध्यक्ष ड्यूहर्स्ट साहेब, जाडजूड आणि सर्दी झालेले. त्यांनी विचारलं, बाईंना कुठे नेलंत? म्हटलं, घरी. पत्ता? म्हटलं, पाण्याखाली. साहेबांनी रुमाल खाली ठेवला. “म्हणजे टॅक्सी पाण्यात घातलीत?” त्यावर बराच वेळ गेला. (गाडी कोरडी होती, हे तपासनिसाने खाली वाकून पाहिलं.) मग मुख्य प्रश्न आला, जो आम्हा टॅक्सीवाल्यांच्या जिवावर बेततो: “तुम्ही सर्वांत जवळचा रस्ता घेतलात का?” मी म्हटलं, “साहेब, तिथे जायला याहून जवळचा रस्ता मला आजवर सापडला नाही.” साहेबांनी रुमाल पुन्हा उचलला. निकाल कळवू म्हणाले.

भाभींना सलाम, मुलांना दुआ.

तुमचा,
तसद्दुक

ता. क. पाकीट चिकटवण्याआधीच निकाल आला. बिल्ला राहिला. ताकीद मिळाली, आणि रस्त्यांची परीक्षा पुन्हा द्यायची आहे.

ता. क. २. मिसेस ओल्ड्रॉइडनी विचारलं होतं, तुमच्या दारातलं बोरीचं झाड उजवीकडे होतं की डावीकडे? मी डावीकडे म्हणून ठोकून दिलं. भाईजान, मला काहीच आठवत नाही. जे आहे ते सगळं तुम्ही सांगितलेलं. खरं काय ते कळवा.

ता. क. ३. कळवू नका. त्या म्हणतात, पत्रावर काय विश्वास, बघूनच येऊ. त्यांचं गाव कधी वर येत नाही. आपलं दर वसंतात पाणी उतरलं की डोकं काढतं, हे मीच बोलून गेलो. जानेवारीत त्यांचं डोळ्यांचं ऑपरेशन आहे (मीच नेणार, या वेळी खरोखर दवाखान्यात), आणि मार्चमध्ये आम्ही येतोय. तक्रार करणारी भाचीही येतेय, माझ्यावर नजर ठेवायला. भाभींना म्हणावं, मिरची बेताची.

तुम्ही इतकी वर्षं तिथे राहून एकदाही त्या काठावर गेला नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी विमानतळावर तुम्ही स्वतः या. तुमच्या घरी मागाहून जाऊ. आधी आपल्या घरी न्या.