सरळ वळणाचा माणूस

३ जून, शनिवार
आजपासून मी धर्मयोद्धा. चष्म्याच्या दुकानामागची खोली. शटर खाली ओढल्यावर मास्तरांनी (दुकान त्यांचंच, खेळही तेच चालवतात: ते गोष्ट सांगतात, आपण त्यातलं पात्र होऊन फासे टाकायचे) सगळ्यांना आपापलं पात्र ठरवायला सांगितलं. बारक्याने चोर घेतला. वहिनींनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, वैद्य. कागदावर एक रकाना होता: 'वळण'. म्हणजे पात्र नियमाने चालणारं की नियम मोडणारं, सज्जन की दुर्जन. मी लिहिलं, सरळ-सज्जन. वहिनी म्हणाल्या, सरळ आहे तर वळण कसलं? सगळे हसले. मी हसलो नाही. शपथ घेतलेल्या माणसाला शोभत नाही.

मला इथे बारक्याने आणलं. नळ-बेसिनच्या गोदामातही आम्ही शेजारीशेजारी. माझा एकुलता एक मित्र. बायको म्हणते, एकुलता एक मुलाला म्हणतात, मित्राला नाही. पण दुसरा कुठे आहे?

घरी सांगितलंय की शनिवारी ऑडिट असतं. हे खोटं नव्हे. तिला खेळ कळणार नाही, म्हणून सत्याला जरा पांघरूण घातलंय.

४ जून
संकल्प: शपथ शनिवारपुरती नाही. पाचला उठणे. जोर काढणे. खोटं बंद.

५ जून
साडेआठला उठलो. चिलखत वागवणाऱ्याला विश्रांती लागते. उद्यापासून.

१० जून, शनिवार
मोठा दिवस. खेळात राजाच्या शिपायांनी एक गाव तुरुंगात कोंबलं होतं. पहारेकरी घोरत पडलेला. बारक्याच्या चोराने त्याच्या कमरेची किल्ली अलगद काढली. मी पहारेकऱ्याला उठवलं. किल्ली त्याची होती.

गावकरी फासावर गेले. वाईट वाटलं. पण ज्याची वस्तू त्याला मिळाली. वहिनी म्हणाल्या, भावजी, अहो त्यात लहान मुलं होती. मी म्हटलं, धर्माला वय नसतं. मास्तर बराच वेळ चष्मा पुसत बसले. भारावले असावेत.

परतताना बारक्या म्हणाला, सोड रे, खेळच आहे. त्याला गांभीर्य नाही.

१४ जून
माझ्या हातून बेसिनचं खोकं सुटलं. इटालियन, फिक्कट निळं. साहेब धावत आले. मी तोंड उघडायच्या आत बारक्या म्हणाला, ट्रकमधूनच फुटकं आलंय. साहेब ड्रायव्हरवर ओरडत गेले.

मला धक्का बसला. किती सहज खोटं बोलला! मी सत्य सांगणारच होतो, पण माझ्याआधी तो बोलला, आणि बोलणाऱ्याला मध्येच तोडणं असभ्य. त्याला मनातल्या मनात माफ केलं. त्याने संध्याकाळी चहा पाजला. प्यायलो.

१९ जून
मन अस्वस्थ. बारक्या सोमवारी आणि गुरुवारी दुपारी मागच्या दाराने सटकतो. वडिलांना डायलिसिसला न्यायचं असतं. त्याचं हजेरीचं कार्ड संध्याकाळी मी पंच करतो. म्हणजे करत होतो. धर्मयोद्ध्याने चोराचं कार्ड पंच करावं?

जोर: दोन. दुसरा अर्धा.

२१ जून
साहेबांनी बोलावलं. विचारलं, चहा घेणार का? मी बारक्याचं सगळं सांगितलं. मागचं दार, कार्ड, सोमवार, गुरुवार. कार्ड कोण पंच करतं हे त्यांनी विचारलं नाही. बेसिनचाही विषय निघाला नाही. न विचारलेलं सांगणं म्हणजे चोंबडेपणा.

खूप हलकं वाटलं. चहा चांगला होता.

२३ जून
बारक्याची बदली. गावाबाहेरच्या गोदामात. तिथे एकच दार आहे आणि त्यावर वॉचमन. बारक्या खण रिकामा करत होता. मी म्हटलं, तुझ्या भल्यासाठीच केलं. तो म्हणाला, बेसिनच्या वेळी मीही तुझं असंच भलं करायला हवं होतं का? उत्तर तयार होतं, पण तो गेला.

वडिलांना आता कोण नेतं हे विचारलं नाही. घरगुती बाब आहे.

२४ जून, शनिवार
मास्तरांचा फोन. खेळ काही दिवस बंद. बारक्या नाही तर मजा नाही, असं काहीसं म्हणाले. बघा, एकाच्या बेशिस्तीची शिक्षा सगळ्यांना.

तरी ऑडिटला म्हणून बाहेर पडलो. सांगितलेला शब्द पाळायला नको? बागेतल्या बाकावर बसून आलो.

१ जुलै, शनिवार
बाक. आज डासही होते.

डबा एकट्याने खातो हल्ली. बारक्याच्या स्टुलावर नवा माणूस बसतो. तो कानात वायर घालून जेवतो. मी त्याला धर्मयोद्धा म्हणजे काय ते समजावलं. त्याने एक वायर काढली आणि, काय?, एवढंच विचारलं.

बारक्याला फोन करावासा वाटतो. पण आधी माफी त्याने मागायला हवी.

८ जुलै, शनिवार
बाकावर कोणीतरी बसलं होतं, म्हणून दुकानावरून चक्कर मारली. शटर खाली. आत दिवा. फासे पडल्याचा आवाज, आणि मागोमाग बारक्याचं हसणं. ते हसणं मी कुठेही ओळखेन.

बाजूचं दार वाजवलं. वहिनी आल्या. दार पूर्ण उघडलं नाही, हात चौकटीवरच. मी विचारलं, माझ्या योद्ध्याचं काय झालं? म्हणाल्या, आहे की. सगळे त्याच्याच मागे आहेत. मला बरं वाटलं, म्हटलं, म्हणजे सेनापती झाला. त्या म्हणाल्या, तसं नाही, भावजी. तो किल्ला बळकावून बसलाय आणि दिसेल त्याला फासावर चढवतो. आज त्याला मारायचंय.

मी म्हटलं, मग त्याचं वळण बदलावं लागलं असेल.

नाही, म्हणाल्या. मास्तरांनी ते तुम्ही लिहिलंत तसंच ठेवलंय.

आतून बारक्याने विचारलं, कोण आहे? त्या म्हणाल्या, कोणी नाही.

फार वाईट वाटलं. चालत घरी आलो. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. वर न बघता म्हणाली, संपलं का ऑडिट? हो म्हणालो.

काही सापडलं? तिने विचारलं.

नाही म्हणालो.