पालथा दगड

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, धंदा थडग्यांवर अक्षरं कोरण्याचा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हातानं लिहिते. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंचांना शंका येणारच, म्हणून तो सोबत जोडला आहे.

१. माझ्या छिन्न्या, हातोड्या आणि घासायचे दगड सुनेला. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. थोरल्या लेकानं त्यांना हात लावू नये, बोटं ठेचून घेईल.

२. दफनभूमीतली पहिल्या रांगेतली माझी राखीव जागा पंचांच्या प्रमुखांना. त्यांना पुढे बसायची सवय आहे. मला धाकट्याशेजारी, कुंपणालगत पुरावं.

३. धाकटा दारूनं गेला, हे मी लपवत नाही. शेवटच्या वर्षी तो रोज गुडघे टेकून प्रार्थना करायचा आणि रोज हरायचा. त्याच्या दगडावर मला एकच ओळ हवी होती : ‘देवानं याला कधी सोडलं नाही.’ पंचांनी त्यावर सभा घेतली. प्रमुख म्हणाले, “बाई, असं कोरलंत तर तरण्या पोरांना वाटेल, कसंही वागलं तरी चालतं.”

मी म्हटलं, “देवाची प्रीती तुमच्या सभेत हात वर करून ठरत नाही.”

तरी हात वर झाले. त्यात एक थोरल्याचा होता. सख्ख्या भावाचा!

मग मी नाव आणि तारखा वर कोरल्या, आणि ती ओळ आडव्या दगडाच्या खालच्या अंगाला. दगड न्यायला आलेल्या गाडीवाल्यानं विचारलं, “आजी, मातीत जाणारी बाजू कशाला घासताय?” म्हटलं, “ज्याला वाचायचीय तो खालीच आहे.” बोलायला ठीक होतं. खरं म्हणजे घाबरले होते. अकरा वर्षं ती ओळ मातीत तोंड खुपसून पडली.

४. घर. आधी इथे लिहिलं होतं, थोरल्यानं स्वतः दगड पलटवला तरच घर त्याचं, नाहीतर व्यसनमुक्ती केंद्राचं. दोन दिवस स्वतःवर खूश होते. मग वाचून लाज वाटली. अटी घालणाऱ्यांशी अकरा वर्षं भांडले आणि स्वतः तेच करायला बसले! अट खोडली आहे. घर थोरल्याचं, बिनशर्त. अरे बाबा, तू हात वर केलास त्या दिवशीही माझाच होतास आणि देवाचाही. राग आहे, तो राहील. ते वेगळं.

५. दगड आज सकाळी आम्हीच पलटवला : माळी, सून आणि मी. नाव आता खाली गेलं. देवाला ते पाठ आहे, मलाही. ज्या पंचाला तो पुन्हा पालथा घालायचा असेल त्यानं पहार घेऊन यावं. मी तिथेच शेजारी असेन.

स्थळ : माझ्या कामाची पडवी
दिनांक : चौदा, रविवार, उपासना सुटल्यावर
सही : अक्षरं कोरणारी
साक्षीदार : १. शेजारची डॉक्टरीण (सही)
२. दफनभूमीचा माळी (अंगठा, मातीसकट)