अनवाणी नवरात्र

॥ श्री येमाई प्रसन्न ॥

रेगेन्सबुर्ग, जर्मनी
सोमवार, २२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना

ती. आक्कास,
तुळजाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला बोलू म्हटलं की रडू येतं. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. तुझ्या सूनबाईला, करिश्माला सांग, मोठा करून दाखव.

सत्यजीतनं तुला अर्धंच सांगितलं असणार, आपलं पोर आईला आणि मावशीला जपतं. खरं ते असं. शनिवारी आमची शेतकऱ्यांची सहल इथल्या दगडी पुलावर थांबली होती. पूल आठ-नऊशे वर्षांचा आहे म्हणे. हे खाली नदीकडं बघत म्हणाले, की आपल्या वडगाव रासाईला भीमेला उन्हाळ्यात याच्या निम्मं पाणी राहिलं तरी शेवंती हसत फुलंल. एवढं बोलले आणि छातीवर हात दाबून कठड्याशी खाली बसले. तेव्हापासून दवाखान्यात आहेत. हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्यात. बायपास करायचं ठरलंय, शुक्रवारी. तोवर हलवायचं नाही.

सहल पुढं हॉलंडला फुलांचा बाजार बघायला गेली. सहलीच्या हर्षदा मॅडम रडवेल्या झाल्या होत्या, पण एवढी माणसं त्यांच्या भरवशावर आलेली, त्यांना जाणं भाग होतं. डॉक्टर जे बोलतात ते त्या फोनवर ऐकतात आणि मला मराठीत सांगतात. जाण्याआधी त्यांनी मला जुन्या गावातल्या एका स्वस्त हॉटेलात ठेवलं, कारण दाराशीच दवाखान्याची बस मिळते. खोली माळ्यावर आहे, उतरत्या छपराखाली. पलंगावरून उठताना रोज डोकं आपटतं. संध्याकाळनंतर काउंटरवर कुणी नसतं आणि बाहेरच्या दाराला आकड्यांचं कुलूप आहे. आकडे विसरले तर रात्र रस्त्यावर, म्हणून ते तळहातावर पेनानं लिहून ठेवलेत. हात धुतला की परत लिहिते.

आज घट बसले असतील. इथं खोलीत दिवा लावायला बंदी आहे, छताला धूर ओळखणारी डबी लावलीय. माती नाही, धान्य नाही, दिवा नाही. मग माझ्या हातात राहिलं काय, तर पाय. दरवर्षीसारखेच नवरात्रभरासाठी आज सकाळी चप्पल-बूट सोडले. सहलीसाठी शिरूरला घेतलेले स्पोर्ट्सचे बूट बॅगेत तळाशी घातलेत. तू रागावशील, ठाऊक आहे.

रागावून झाल्यावर उत्तर लिही. लोभ असावा, या वेळी जरा जास्तच.

तुझी
तुळजा


दौंड
२३ सप्टेंबर

चि. सौ. तुळजास,
अनेक आशीर्वाद.

रागावले. आता लिहिते.

मी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली आणि दरवर्षी पोरांना सांगत आले, की अनवाणी हिंडू नका, तळव्यातून जंत शिरतात. माझी सख्खी बहीण थेट जर्मनीच्या फरशीवर अनवाणी. तिथं थंडी किती आहे ते करिश्मानं फोनवर बघून सांगितलं. तू आजारी पडलीस तर हौसरावांकडं बघायचं कुणी? येमाईला तुझ्या भेगा मोजायला वेळ नाही. तिला तिच्या कवठ्याच्या देवळातच गर्दी पुष्कळ आहे.

इकडचं सांगते. सत्यजीत व्हिसासाठी मुंबईला जाऊन आला. तारीख मिळाली ती दसऱ्यानंतरची. शेतात दसऱ्याचा झेंडू तोडणीला आलाय, त्यामुळं पोरगा सकाळी तोडा बघतो आणि दुपारी फोन. तुझ्या सूनबाईनं, स्नेहलनं, घट नीट बसवलेत, समईत तेल घालायला सारखी उठते आहे. तुझ्या सासूबाईंना आम्ही विमान चुकलं असं सांगितलंय. त्या म्हणाल्या, एसटी चुकते, विमान कसं चुकतं, ते तर वरूनच बघत असतं. 

हौसरावांना म्हणावं, घाबरायचं काम नाही. माझ्या शेजारच्यांचं बायपास होऊन किती वर्षं झाली, अजून बायकोशी भांडतात.

पायात काहीतरी घाल. कळावे, लोभ आहेच, तो पायमोज्यांवर अवलंबून नाही.

आक्का


रेगेन्सबुर्ग
गुरुवार, २५ सप्टेंबर, संध्याकाळ

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बसमध्ये दोनदा वाचलं. समोरची बाई माझ्या पायांकडं बघत होती, मी पत्रामागं तोंड लपवलं.

इथं काउंटरवर दिवसा एक मुलगी असते. तिला वाटलं माझे बूट चोरीला गेले. पाहुणे विसरून जातात त्या वस्तूंचं एक खोकं आहे, त्यातून तिनं मला जोडा काढून दिला, पुरुषी, होडीएवढा. मी हात जोडून नको म्हटलं. तिला वाटलं माप चुकलं. दुसऱ्या दिवशी लहान पोरीचा गुलाबी आणला. काल स्वतःच्या घरच्या लोकरी सपाता घेऊन आली. मी तिला मोबाईलवर येमाईचा फोटो दाखवला, माझे पाय दाखवले, पुन्हा फोटो दाखवला. तिनं मान डोलावली खरी, पण सपाता माझ्या खोलीबाहेर ठेवून गेली. त्या तशाच आहेत.

इथं दगडी फरशीचे रस्ते आहेत. सकाळी त्यावर दव असतं आणि पाय बधिर होतात, मग दुखत नाहीत. देवळाच्या घंटा सारख्या वाजतात. आपल्याकडं घंटा वाजली की बरं वाटतं, इथं दचकायला होतं, वाटतं दवाखान्यातून काही आलं.

काल त्यांच्या परत छातीत दुखलं म्हणून अतिदक्षता विभागात हलवलंय. ऑपरेशन उद्या सकाळीच. आज काही भेट झाली नाही. खोकं, सपाता, घंटा, हे सगळं तुला लिहीत बसले, कारण बाकी लिहिण्यासारखं नाही.

झेंडूला भाव काय आहे ते कळव, त्यांनी विचारलं तर सांगता येईल.

लोभ असू द्यावा.

तुळजा


दौंड
२५ सप्टेंबर, रात्र

तुळजा,

मायना घालायला वेळ नाही. उद्या ज्याची छाती उघडणार त्या माणसाची आदल्या दिवशी बायकोशी भेट होत नाही, असा दवाखाना जगात कुठं नसेल. ते लोक आदल्या दिवशी मुद्दाम भेटू देतात. तू आपलं सपातांचं आख्यान लावलंस आणि भेटीची एक ओळ घातलीस. लहानपणी पाटी फोडलीस तेव्हाही असंच, आधी मांजराचं सांगायचीस.

काय झालं ते लिही.

आक्का


रेगेन्सबुर्ग
शुक्रवार, २६ सप्टेंबर

ती. आक्कास,
नमस्कार.

ऑपरेशन झालं. मॅडमनी फोनवर डॉक्टरांचं ऐकून सांगितलं, की नळ्या जोडल्या, पण रक्तदाब खाली जातोय, म्हणून झोपवून ठेवलंय. कधी जागे करायचं ते उद्या-परवा बघून ठरवतील. जागे होतील का असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, डॉक्टरांना तशी आशा आहे.

आता कालचं. तुझ्यापासून लपवून उपयोग नव्हता.

मला भेटायला बोलावलं होतं. त्या विभागाचं दार काचेचं आहे, वर माणसाच्या डोक्यापर्यंत दुधी रंग आणि खाली गुडघ्याएवढी साधी काच. उभं राहून आतलं काही दिसत नाही. नर्स बाहेर आली, माझ्या पायांकडं बघितलं आणि आतून पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चपला आणून माझ्यापुढं ठेवल्या. खुणेनं सांगितलं, या घातल्याशिवाय आत नाही. मॅडमना फोन लावला तर लागेना.

आक्का, मी त्या चपलांपुढं उभी राहिले. मनात आलं, आज ज्यांच्यासाठी चालते आहे त्यांच्याच पायी नवरात्र मोडलं, आणि उद्या काही उलटं झालं, तर मी कुणाला तोंड दाखवू. पुन्हा मनात आलं, आत जाऊन ये, येमाई आई आहे, सावकार नाही. पाय पुढं होईना आणि मागंही. नर्स थांबली. तिला वाटलं असेल, बाई घाबरली, नवऱ्याला बघायचं नाही तिला. तिनं चपला उचलल्या, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि दार लावून घेतलं. मी तिथंच उभी राहिले, भेटीची वेळ संपेस्तोवर.

त्यांना आत काय वाटलं असेल? परमुलूख, शेजारी कुणी आपलं नाही, उद्या छाती फाडणार, आणि बायको आली नाही. तसेच ते भूल घ्यायला गेले. आता ते डोळे उघडतील की नाही हे मला ठाऊक नाही, आणि उघडले नाहीत तर माझ्याविषयी हेच मनात धरून गेले असं होईल.

नवरात्र अजून संपलेलं नाही. ते जागे झाले तरी दार तेच आहे, चपला त्याच आहेत. मला सांग काय करू. तू म्हणशील ते करीन.

तुळजा


दौंड
२७ सप्टेंबर

चि. सौ. तुळजास,
अनेक आशीर्वाद, आणि हे पत्र नीट वाच.

तुला ही गोष्ट आईनं कधी सांगितली नसेल. तू पोटात होतीस आणि दिवस भरले ते नेमके नवरात्रात. चौथ्या माळेला तू झालीस. आई बाळंतीण, तिनं गार जमिनीवर अनवाणी पाय ठेवायचा नाही असं सुईणीनं बजावलं. पण आईनं नवस बोललेला, तुझ्याचसाठी. ती रडायला लागली. तेव्हा मावशी कवठ्यात आलेली होती. तिनं उंबऱ्यात चप्पल काढली आणि म्हणाली, आक्के, तू पोरीला बघ, राहिलेलं मी चालते. आईला ती आक्काच म्हणायची. देवळातल्या गुरवीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, माहेरची देवी आहे, दोघी बहिणी तिच्याच, तिला काय परकं? मावशी दसऱ्यापर्यंत चालली. मी तिचं बोट धरून होते, म्हणून मला ठाऊक.

तर आज सकाळी मी चप्पल काढली. तुझं राहिलेलं नवरात्र आता माझ्याकडं आहे. जंतांचं मी माझं बघीन. तू बॅगेच्या तळाचे बूट काढ, त्या नर्सला चपला दे म्हणावं, त्या घाल, आणि आत जा. ते झोपलेले असले तरी जा. कानाशी बोल. भूल दिलेल्यांना ऐकू येतं म्हणतात. मी जागी असून मला येत नाही, तो भाग वेगळा.

झेंडूला यंदा भाव बरा आहे, सांग त्यांना.

कळावे. लोभ आहे, तो आता पायी चालतो आहे.

आक्का

ता. क. मावशी, मी करिश्मा. फोटो काढताना हे खाली लिहिते आहे, सासूबाईंना कळू देऊ नका. त्यांना साखरेचा त्रास आहे. डॉक्टरांनी घरात सुद्धा चप्पल सोडायची नाही असं सांगितलंय. आज मंडईत खडी टोचली. काही म्हटलं तर ऐकू येत नाही असं दाखवतात, आणि यातलं खरं किती ते आम्हाला कधीच कळलेलं नाही. मी रोज रात्री त्यांचे तळवे बॅटरी लावून बघते. तुम्ही काळजी करू नका.


रेगेन्सबुर्ग
सोमवार, २९ सप्टेंबर

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आधी मोठी बातमी. काल त्यांनी डोळे उघडले. आज बोलले.

तुझं पत्र मिळालं तसे मी बूट काढले. बूट घालून जिन्यावरून उतरले तर काउंटरवरची मुलगी बघतच राहिली. मग जर्मनमध्ये बराच वेळ बोलली. शब्द कळले नाहीत, पण बाई, तुझ्याकडं बूट होते तर मला का पळवलंस, यापलीकडं त्यात काही नसणार. शेवटी हसली. मीही हसले, किती दिवसांनी.

दवाखान्यात त्या पांढऱ्या चपला मागून घेतल्या. शनिवारी आणि काल आत बसून कानाशी बोलले. झेंडूचा भाव सांगितला, स्नेहलनं घट बसवले ते सांगितलं, सासूबाईंचं विमानाचं सांगितलं. बाकीचं काही सुचलं नाही.

आज दुपारी त्यांनी तोंडाकडं न बघता आधी माझ्या पायांकडं बघितलं. आवाज अगदी बारीक झालाय. विचारलं, सरलं का नवरात्र. मी म्हटलं नाही, आक्का चालते आहे माझ्या वाटचं. त्यावर हसू आलं आणि टाके दुखले, उशी छातीशी धरली. म्हणाले, गुरुजीणबाई आन् अनवाणी, आता हे बघाया तरी घरी जावंच लागंल.

मग मी विचारायचं ते विचारलं. तुम्हाला वाटलं का मी आलेच नाही.

आक्का, ते जे बोलले ते तसंच लिहिते. म्हणाले, यडी का काय तू. दाराच्या खालच्या काचंतनं पाय दिसत व्हते की. येवढ्या दवाखान्यात बिनचपलंचं दुसरं कोण हाय. पडल्या पडल्या तेच बघत व्हतो. म्हणलं, हाय तितंच, न्हाई जात कुटं. आन् डोळं मिटलं.

पुढं मला लिहवत नाही.

करिश्माला सांग, तिचं पोचलं. आणि तू आता चप्पल घाल, मी सांगते म्हणून. दुसऱ्याचं ऐकायची तुलाही सवय हवी.

लोभ वाढला, तो कुठं ठेवू कळत नाही.

तुळजा


दौंड
२ ऑक्टोबर, दसरा

चि. सौ. तुळजास आणि चि. हौसरावांस,
अनेक आशीर्वाद. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.

चप्पल घातली नाही. घेतलेलं काम अर्ध्यावर सोडायचं नाही असं मीच पोरांना शिकवलंय. करिश्मा माझ्या तळव्यांवर रोज बॅटरी मारते. ती मला वाटतं तुझ्याकडून पगार घेते. तळवे ठीक आहेत, एक भेग आणि थोडा डौल.

आज आम्ही दोघी कवठ्याला जाऊन आलो. दौंडहून शिरूरपर्यंत एसटी, पुढं जीप. एसटीत कंडक्टरनं माझ्या पायांकडं बघून बसायला जागा करून दिली. नोकरीत इतकी वर्षं त्याच रस्त्यानं गेले, कुणी कधी जागा दिली नव्हती. सत्यजीतनं हौसरावांच्या शेतातल्या झेंडूचा मोठा हार पाठवला होता, तो येमाईला घातला. ओटी तुझ्या नावानं भरली. काय मागावं ते सुचेना, म्हणून नुसती उभी राहिले.

बाहेर आले तर देवळापुढं चपलांचा हा ढीग. जो तो आपली जोडी हुडकत होता, एक बाई नवऱ्यावर खेकसत होती. मीही सवयीनं वाकले आणि शोधायला लागले. बराच वेळ शोधलं. जीव घाबरा झाला, तुला लिहायला हरकत नाही, अगदी ऑपरेशनच्या शुक्रवारसारखा. मग करिश्मानं दंड धरून मला उभं केलं.

तेव्हा कुठं लक्षात आलं. आपलं काही हरवलेलंच नव्हतं.

कळावे. दोघं मिळून या, लोभ वेशीवर उभा आहे.

तुमची
आक्का